मिळणे, मिळवणे आणि 'गेट'

शाळेत असताना इंग्रजीच्या तासाला मैत्रिणीला पत्र लिहिण्याचा स्वाध्याय होता. सुटीत केलेल्या एका प्रवासाविषयी मी दीड पान लिहिले आणि वही परत आली तेव्हा त्या दीड पानात सात लाल गोल होते. सातही गोल एकाच क्रियापदाभोवती होते, आणि ते क्रियापद म्हणजे 'गेट'. समासात शेरा होता की हा शब्द आळशी माणसाचा आहे, त्याच्या जागी चांगले समानार्थी शब्द वापरावेत. मी शब्दकोश काढून बसले आणि सातही जागी सात भारदस्त शब्द घातले. पत्र मिळाले तेथे 'रिसिव्ह्ड', पहाटे उठले तेथे 'रोज', स्टेशनवर पोहोचले तेथे 'रीच्ड', भिजले तेथे 'बिकेम वेट', समुद्र पाहायला मिळाला तेथे 'हॅड द ऑपॉर्च्युनिटी टू सी', सर्दी झाली तेथे 'कॉन्ट्रॅक्टेड', आणि आता बरे वाटते आहे तेथे 'रिकव्हरिंग'. मला पूर्ण गुण मिळाले, परंतु पत्र मोठ्याने वाचताना ते माझ्या मैत्रिणीला नव्हे, तर एखाद्या कार्यालयाला लिहिलेले वाटत होते, आणि असे का वाटते ते मला तेव्हा सांगता येत नव्हते.

आज मी मराठी भाषकांना इंग्रजी शिकवते, आणि प्रत्येक नव्या तुकडीत कोणीतरी 'गेट'चे समानार्थी शब्द मागतेच. (देवनागरीत फाटकाचे 'गेट'ही असेच लिहिले जाते, या लेखात मात्र सर्वत्र क्रियापदच अभिप्रेत आहे.) त्या मागणीला मी आता यादीने उत्तर देत नाही. माझ्या त्या पत्रातील सात 'गेट' हे एका क्रियापदाचे सात वापर दिसत असले, तरी मराठीत विचार केला तर ती सात निरनिराळी क्रियापदे आहेत: मिळणे, उठणे, पोहोचणे, होणे, एखादी गोष्ट करायला मिळणे, आजाराची लागण होणे आणि सुधारणे. जे वर्गीकरण इंग्रजी भाषकाला शब्दकोशातून करावे लागते, ते मराठी भाषकाच्या तोंडात आधीच झालेले असते. म्हणून समानार्थी शब्द शोधण्यापूर्वी 'गेट'चे ते वाक्य मनाशी मराठीत म्हणावे, आणि जे मराठी क्रियापद आपोआप येईल त्याचे इंग्रजी प्रतिशब्द शोधावेत, असा माझा आग्रह असतो.

यातला सर्वांत मोलाचा भेद 'मिळणे' आणि 'मिळवणे' यांच्यातला आहे. 'मला पत्र मिळाले' या वाक्यात पत्र हा कर्ता आहे आणि 'मला' ही चतुर्थी आहे; मी काही केले नाही, पत्र माझ्यापर्यंत आले. 'मी परवानगी मिळवली' या वाक्यात मात्र मी खटपट केली आहे. इंग्रजी 'गेट' हा भेद दाखवत नाही. दोन्ही वाक्यांत 'आय गॉट' असेच येते आणि माणूस कर्त्याच्या जागी जाऊन बसतो, मग त्याने बोटही हलवलेले नसो. परंतु 'गेट' सोडून दुसरा शब्द घ्यायची वेळ आली की इंग्रजीलाही हा भेद करावाच लागतो. 'रिसिव्ह' हे मिळण्याच्या बाजूचे क्रियापद आहे. 'ऑब्टेन', 'अक्वायर', 'सिक्युअर', 'प्रोक्युअर', 'अर्न' आणि 'विन' ही मिळवण्याच्या बाजूची. जो विद्यार्थी 'आय ऑब्टेन्ड युअर लेटर' असे लिहितो, त्याचे व्याकरण बरोबर असते, पण वाचणाऱ्याला शंका येते की हे पत्र याच्या नावाचे नव्हतेच, याने ते कोठून तरी हस्तगत केले.

पदवीचे उदाहरण घेऊन हे जवळून पाहू, कारण नोकरीच्या अर्जात हे वाक्य प्रत्येकाला लिहावे लागते. 'आय गॉट माय डिग्री' हे बोलण्यात पूर्णपणे स्वाभाविक आहे. 'रिसिव्ह्ड' लिहिले की पदवी देणारी संस्था आणि ती स्वीकारणारी मी, असे चित्र उभे राहते. 'ऑब्टेन्ड' हा अर्जाच्या भाषेतील तटस्थ शब्द आहे. 'अर्न्ड'मध्ये कष्टांचा हक्क आहे. या क्रियापदाचे मूळ शेतातील कापणीच्या कामाशी जोडले जाते आणि जर्मन भाषेत सुगीसाठी जो 'एर्न्टे' हा शब्द आहे तो त्याचाच नातलग आहे. म्हणून पगार 'अर्न' केला जातो, विश्वास 'अर्न' केला जातो, पण वडिलांकडून आलेली जमीन कधीही 'अर्न' केली जात नाही. 'प्रोक्युअर्ड' लिहिले तर मात्र अनर्थ होतो. मूळ लॅटिनमध्ये त्या शब्दाला दुसऱ्याच्या वतीने एखाद्या गोष्टीची काळजी घेणे, व्यवस्था पाहणे असा अर्थ होता, आणि आजही त्यात माल जमवण्याचा, तजवीज करण्याचा भाव आहे. कारखाना कच्चा माल 'प्रोक्युअर' करतो. पदवी 'प्रोक्युअर' केली म्हटले की ती कोणाकडून तरी पैदा केली, असा वास येतो.

याच ठिकाणी मराठी एकदा फसवतेही, ते सांगितले पाहिजे. आपण 'पदवी संपादन केली' असे म्हणतो आणि 'भूसंपादन' असेही म्हणतो. दोन्हीकडे संपादनच असल्यामुळे विद्यार्थी दोन्हीकडे 'अक्वायर' घालतात. इंग्रजीत जमीन 'अक्वायर' होते, एक कंपनी दुसरीला 'अक्वायर' करते, कौशल्य, सवय किंवा भाषा हळूहळू अंगी बाणते तेव्हा तीही 'अक्वायर' होते; पदवीशी मात्र हा शब्द तितका सहज नांदत नाही. समानार्थी शब्दाचा अर्थ कळणे हे काम अर्धेच असते, उरलेले अर्धे म्हणजे तो कोणत्या नामांच्या संगतीत राहतो हे ओळखणे.

या सगळ्या शब्दांत घर आणि कचेरी असा जो फरक जाणवतो, त्यामागे इतिहास आहे. 'गेट' हे क्रियापद इंग्रजीत साधारण इसवी सन १२०० च्या सुमारास दिसू लागते आणि ते उत्तरेकडून आलेल्या लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतील 'गेता' या क्रियापदावरून आले आहे. आठव्या शतकाच्या अखेरीपासून हे लोक इंग्लंडच्या किनाऱ्यावर येऊ लागले, पुढे तेथे वस्ती करून राहिले आणि त्यांच्या शेजारातून 'टेक', 'स्काय', 'एग', 'लेग', 'विंडो', इतकेच काय, 'दे' हे सर्वनामही इंग्रजीत आले. हे शब्द दरबारातून आले नाहीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलण्यातून आले. त्यानंतर १०६६ मध्ये नॉर्मन विजेते आले आणि त्यांच्या फ्रेंचमधून, तसेच लॅटिनमधून, 'रिसिव्ह', 'ऑब्टेन', 'प्रोक्युअर' हे न्यायालयाचे, चर्चचे आणि दफ्तराचे शब्द आले. मराठीत 'मिळणे'च्या शेजारी 'प्राप्त होणे' आणि 'हस्तगत करणे' उभे असतात, तसेच हे आहे. घरात कोणी 'मला चावी प्राप्त झाली' म्हणत नाही. माझ्या पत्राचा सूर बिघडला तो नेमका येथे. मी घरातले शब्द काढून त्यांच्या जागी दफ्तरातले शब्द ठेवले होते.

खरे तर जुन्या इंग्रजीत याच धातूचे देशी रूपही होते, परंतु ते एकटे न येता उपसर्गांबरोबर येत असे, आणि त्यातील आरंभीचा वर्ण 'ग' न राहता 'य'सारखा उच्चारला जाई. 'फरगेट' हे त्याचे आज टिकलेले रूप होय. त्यात आज कठोर 'ग' ऐकू येतो तो नॉर्सच्या प्रभावाने. 'फरगेट' म्हणजे शब्दशः हातातली पकड सुटणे. विसरणे म्हणजे धरून ठेवलेले निसटणे, ही कल्पना मला फार अर्थपूर्ण वाटते, आणि एकदा ती सांगितली की 'गेट'च्या मुळाशी 'पकडणे' आहे हे विद्यार्थी पुन्हा विसरत नाहीत.

पकडण्याच्या त्या मुळावरूनच 'आय गेट इट' म्हणजे 'मला समजले' हा अर्थही उलगडतो. लॅटिनमध्ये 'प्रेहेन्देरे' म्हणजे पकडणे हे क्रियापद आहे. भाषाशास्त्रज्ञ ते आणि 'गेट' एकाच प्राचीन धातूपासून निघाले असे मानतात. त्या लॅटिन क्रियापदापासून इंग्रजीत 'कॉम्प्रिहेंड' म्हणजे आकलन होणे हा शब्द आला, आणि 'प्रिझन' म्हणजे तुरुंग हाही. म्हणजे 'आय गेट इट' असे बोलणारा मुलगा आणि 'आय कॉम्प्रिहेंड' असे लिहिणारा पंडित हे दोघे नकळत एकाच धातूचा आधार घेत असतात. आपल्याकडे 'अर्थग्रहण' हा शब्द आहे, त्यातला 'ग्रह्'ही पकडणेच. मात्र व्यवहारात 'समजणे' या अर्थाच्या शब्दांची अदलाबदल करता येत नाही. 'आय डिडन्ट कॅच युअर नेम' म्हणजे नाव नीट ऐकू आले नाही. 'आय डोन्ट फॉलो' म्हणजे युक्तिवादाचा धागा सुटला. 'ग्रास्प'मध्ये अवघड विषयाचा गाभा हाती येणे आहे. 'आय डोन्ट गेट यू' असे थेट म्हटले, तर समोरच्याच्या बोलण्यावर नव्हे, त्याच्या स्वभावावर शेरा मारल्यासारखे होऊ शकते, म्हणून अनोळखी माणसापुढे ते टाळावे.

'होणे' या अर्थाच्या 'गेट'विषयी मी वर्गात सर्वांत जास्त वेळ देते, कारण येथे चूक झाली तर अर्थच बदलतो. विशेषणापूर्वी 'गेट' आले की ते 'होणे' असते: 'गेट टायर्ड' थकणे, 'गेट अँग्री' रागावणे, 'गेट वेट' भिजणे. येथे प्रतिशब्द 'बिकम' आहे असे पुस्तके सांगतात, आणि ते बरोबरही आहे. मग एक दिवस एका विद्यार्थिनीने आपल्या बहिणीविषयी अभिमानाने लिहिले, 'शी गॉट अ डॉक्टर'. तिला म्हणायचे होते की बहीण डॉक्टर झाली. त्या वाक्याचा अर्थ होतो की बहिणीने डॉक्टरांना बोलावून आणले, कारण विशेषणाऐवजी नाम आले की 'गेट' पुन्हा मिळवण्याच्या आणि आणण्याच्या बाजूला जाते. नामाबरोबर 'होणे' म्हणायचे असेल तर 'बिकम'ला पर्याय नाही. जर्मन भाषकांची अडचण याच्या नेमकी उलट असते. त्यांच्या भाषेत 'बेकॉमेन' म्हणजे मिळणे, त्यामुळे नवशिका जर्मन माणूस 'मला पत्र मिळाले' म्हणताना 'बिकम' वापरून बसतो आणि स्वतःच पत्र झाल्याचे सांगतो. 'बिकम'चा जुन्या इंग्रजीतला मूळ अर्थ 'येणे, येऊन पोहोचणे' हा होता, हे लक्षात घेतले की एका भाषेत ते मिळण्याकडे आणि दुसरीत होण्याकडे कसे वळले याचे नवल वाटत नाही.

'होणे'चे इंग्रजी कुटुंब याहून मोठे आहे आणि त्यात बदलाची दिशा व गती दोन्ही दिसतात. सावकाश होणाऱ्या बदलाला 'ग्रो': 'ग्रो ओल्ड'. रंग किंवा वय बदलले की 'टर्न': पाने 'टर्न यलो', माणूस 'टर्न्स फॉर्टी'. बहुधा बिघाडाकडे जाणाऱ्या बदलाला 'गो': 'गो बॅड', 'गो ब्लाइंड'. इष्ट गोष्टीला 'कम': 'कम ट्रू', स्वप्न खरे होणे. आणि आजारपणाला 'फॉल': 'फॉल इल'. आजारी पडणे. येथे इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे 'पडणे' हेच क्रियापद निवडले आहे, आणि वर्गात हे सांगताना मला दर वेळी आनंद होतो.

आजाराची नावे मात्र निरनिराळी क्रियापदे मागतात. सर्दी 'कॅच' होते, कारण ती दुसऱ्याकडून येते. गंभीर संसर्गासाठी लेखनात 'कॉन्ट्रॅक्ट' येते, ते आपल्या 'लागण होणे'च्या जवळचे आहे. मधुमेहासारखा जो विकार कोणाकडून लागत नाही, शरीरातच हळूहळू उभा राहतो, त्याला 'डेव्हलप' म्हणतात. माझ्या पत्रात साध्या सर्दीला 'कॉन्ट्रॅक्टेड' लिहिणे म्हणजे शिंकेसाठी वैद्यकीय अहवाल तयार करण्यासारखे होते.

पोहोचण्याच्या अर्थाबद्दल थोडक्यात एवढेच सांगते की अडचण अर्थाची नसून शब्दयोगी अव्ययांची आहे. 'गेट टू द स्टेशन', 'अराइव्ह ॲट द स्टेशन', परंतु 'रीच द स्टेशन'. 'रीच'च्या पुढे काहीही लागत नाही. 'स्टेशनला पोहोचलो' यातल्या 'ला'मुळे आपल्या तोंडून 'रीच्ड टू' जाते. 'घरी' म्हणायचे असेल तर 'गेट'लाही 'टू' लागत नाही, 'गेट होम' एवढेच.

'करून घेणे' हा मराठीचा प्रयोग 'गेट'च्या एका फार उपयोगी अर्थाशी जुळतो. 'आय गॉट द रूफ रिपेअर्ड' म्हणजे मी छत दुरुस्त करून घेतले. दुरुस्ती दुसऱ्याने केली, पुढाकार माझा होता. माणसाकडून काम करवून घेताना मात्र इंग्रजीत तीन दारे आहेत. 'आय मेड हिम साइन' म्हणजे मी त्याला सही करायला भाग पाडले. 'आय हॅड हिम साइन' म्हणजे माझ्या अधिकारात होते, मी सांगितले आणि त्याने सही केली. 'आय गॉट हिम टू साइन' म्हणजे तो सहजासहजी तयार नव्हता, मी समजावले, विनवले, मागे लागले आणि अखेर सही मिळवली. 'पर्स्वेड' हा या तिसऱ्याचा औपचारिक प्रतिशब्द आहे. तिन्ही वाक्यांत कागदावर सही तीच असते, परंतु दोन माणसांमधले नाते वेगळे असते, आणि तक्रारीच्या किंवा कराराच्या पत्रात यातले चुकीचे क्रियापद पडले तर कोणावर जबरदस्तीचा आरोप केल्यासारखे होऊ शकते. या तिघांपैकी फक्त 'गेट'नंतरच 'टू' येतो, हेही लक्षात ठेवावे.

कर्मणी प्रयोगातले 'गेट' सतराव्या शतकापासून लेखनात आढळते आणि आजही औपचारिक लेखनात ते संकोचानेच वापरले जाते. 'ही वॉज फायर्ड' ही घटनेची नोंद आहे, 'ही गॉट फायर्ड' म्हणताना त्याच्यावर आलेली आपत्ती बोलणाऱ्याला जाणवत असते. 'त्याला मारले' आणि 'त्याला मार बसला' यांत जी छटा वेगळी आहे, तिच्याच जवळपासची ही छटा आहे. केवळ वाईट घटनांसाठीच हा प्रयोग येतो असे नाही, 'गेट मॅरीड' आणि 'गेट प्रमोटेड' हेही त्यातच मोडतात. परंतु घटनेचा परिणाम त्या माणसावर होतो आहे, हा भाव कायम राहतो.

आता माझ्या सर्वांत आवडत्या वापराकडे येते. 'आय गॉट टू सी द सी' म्हणजे 'मला समुद्र पाहायला मिळाला'. येथे मराठी आणि इंग्रजी क्रियापदे इतकी चपखल बसतात की भाषांतर करावेच लागत नाही: 'पाहायला मिळणे', 'बोलायला मिळणे', 'शिकायला मिळणे'. याच्या जागी इंग्रजीत पर्याय म्हणून 'संधी लाभली' या अर्थाचे चार शब्दांचे शेपूट लावावे लागते, आणि त्या शेपटात आनंद उरत नाही. परंतु याच्या अलीकडे एक 'हॅव' बसला की अर्थ पालटतो. 'आय हॅव गॉट टू सी हिम' म्हणजे मला त्याला भेटावेच लागेल. मिळणे संपते आणि लागणे सुरू होते. संधीची जागा सक्ती घेते. रोजच्या बोलण्यात तो 'हॅव' अनेकदा गिळला जातो, त्यामुळे काळ आणि संदर्भ पाहूनच निर्णय करावा लागतो.

'गॉट' की 'गॉटन' असेही विचारले जाते. ब्रिटिश इंग्रजीत 'गॉटन' जवळजवळ लोपले आहे, 'फरगॉटन'सारख्या जोडरूपांत ते टिकून आहे. अमेरिकेत ते जिवंत आहे आणि तेथे त्याचे काम वेगळे आहे. 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे मी गाडी घेतली आहे. ब्रिटिश आणि अमेरिकन या दोन्ही पद्धती शुद्ध आहेत, एका लेखनात एकच पद्धत ठेवावी.

समानार्थी शब्दांच्या पुस्तकांवर माझा राग नाही, उलट त्यांच्याविषयी आदर आहे. पीटर मार्क रॉजे या वैद्याने १८०५ मध्ये स्वतःच्या उपयोगासाठी शब्द जमवायला सुरुवात केली आणि १८५२ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, आपला 'थिसॉरस' प्रसिद्ध केला. त्याने शब्द वर्णानुक्रमाने न लावता कल्पनांनुसार लावले, आणि विरुद्ध कल्पना शेजारी शेजारी ठेवल्या, जसे प्राप्ती आणि तिच्या समोर हानी. म्हणजे वाचकाने आपल्या मनात कल्पना आधी स्पष्ट करून मग शब्दाकडे यावे, अशी ती रचना होती. आज आपण उलट करतो. 'गेट' असा शब्द टाकतो आणि समोर आलेल्या पंचवीस शब्दांतून भारदस्त दिसेल तो उचलतो. ज्या वाक्यात 'होणे' आहे तेथे 'मिळवणे'च्या कुळातला शब्द जाऊन पडतो, तो या घाईमुळेच.

माझी ती वही अजून जपून ठेवली आहे. परवा ती काढून सातही गोल पुन्हा एकदा पाहिले. सर्दीच्या जागी मी आज 'कॉट' लिहीन, कारण तोच घरगुती आणि नेमका शब्द आहे. स्टेशनच्या वाक्यात 'गॉट' आणि 'रीच्ड' यांपैकी कोणताही चालेल. बाकीच्या पाच ठिकाणी माझे मूळचे क्रियापद तसेच ठेवीन: मैत्रिणीचे पत्र 'गॉट', पहाटे 'गॉट अप', पावसात 'गॉट वेट', आता 'गेटिंग बेटर', आणि दुसऱ्या पानाच्या पहिल्या ओळीवर, जेथे लाल शाई सर्वांत गडद आहे, तेथे 'आय गॉट टू सी द सी'.